काजू तिकडचा, नारळ इकडचा : बाहियाची कोंबडी उपनगरात

शिंशिं जि गलीन्या हा ब्राझीलच्या बाहिया राज्यातला कोंबडीचा पदार्थ. त्यात कोंबडीचे तुकडे, वाळवलेली कोलंबी, भाजलेले शेंगदाणे, काजू, कांदा, आलं, लसूण, भरपूर कोथिंबीर आणि नारळाचं दूध असतं. शेवटी येतं केशरी-लाल रंगाचं, वेगळ्याच वासाचं एक तेल. कोकणातून मुंबईला आलेल्या कुठल्याही घरात ही यादी वाचून दाखवा. शेवटचं तेल सोडलं तर एकही जिन्नस परका वाटणार नाही. म्हणूनच अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या स्वयंपाकघरात दक्षिण अमेरिकेतली एखादी पारंपरिक कोंबडी करून पाहायची असेल, तर सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. परदेशी मालाच्या महागड्या दुकानात पाऊलही टाकावं लागत नाही. मात्र प्रत्येक जिन्नस या पातेल्यात कशासाठी आहे, हे नीट समजून घ्यावं लागतं.

दक्षिण अमेरिकेची कोंबडी म्हटलं की हल्ली पेरूचं नाव पुढे येतं. तिथली ‘पोयो आ ला ब्रासा’ ही कोळशावर, फिरत्या सळईवर भाजलेली अख्खी कोंबडी. १९५० साली लिमाजवळच्या सांता क्लारा इथं रॉजर शूलर या स्विस गृहस्थानं ती लोकप्रिय केली. चव उत्तम, पण फ्लॅटमध्ये कोळशाची भट्टी कोण लावणार? पेरूचीच ‘आही दे गायिना’ घरात होण्यासारखी आहे. दुधात भिजवलेल्या पावाच्या दाट रसात कोंबडीचे धागे सोडतात. पण तिचा प्राण पिवळ्या आही मिरचीत आहे, आणि तो फळासारखा वास आपल्या कुठल्याच मिरचीला नाही. तिच्याशिवाय केलेली आही दे गायिना म्हणजे नुसता पिवळा रस्सा. बाहियाच्या कोंबडीचं तसं नाही. तिचे जवळपास सगळे जिन्नस आपल्या ओट्यावर आधीच आहेत, आणि हा योगायोग नाही.

बाहियाची राजधानी साल्वादोर १५४९ साली पोर्तुगिजांनी वसवली. १७६३ पर्यंत ती सगळ्या ब्राझीलची राजधानी होती. त्याच काळात आपली साष्टीही पोर्तुगिजांकडे होती. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानं वसईबरोबर हा सगळा मुलूख त्यांना दिला. आजचं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सगळं साष्टी बेटावरचं. मराठ्यांनी १७३७ साली ठाणं घेतलं आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तोवर जवळपास दोनशे वर्षं साल्वादोर आणि साष्टी एकाच राजाच्या दप्तरात होती. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरचे चर्चचे अवशेष आणि अंधेरीला सीप्झच्या आवारात उभं असलेलं १५७९ सालचं सेंट जॉन चर्च ही त्या काळाची आपल्या दारातली खूण. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं अनेकदा साल्वादोरच्या बंदरात थांबत. या वाटांनी माल फिरला, माणसं फिरली, बिया फिरल्या.

काजूचं झाड मूळचं ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्याचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं, तिथून ते कोकणभर पसरलं. आज वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं सिंधुदुर्गात जागोजाग दिसतात. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, आजच्या बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. मिरचीही तिकडचीच. आता उलटी वाट पाहा. बाहियाच्या किनाऱ्यावर आज नारळाच्या रांगा आहेत, पण पोर्तुगीज येण्याआधी तिथं नारळ नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून तिथं गेला, आणि केप व्हर्देला तो हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरून पोचला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या १,३०० हून अधिक नारळांच्या जनुकांची तुलना केली होती. त्यात अटलांटिक किनाऱ्याचा नारळ आणि हिंदी महासागराकडचा नारळ एकाच कुळातले निघाले. आलं आणि लिंबू आशियातले. कोंबडीसुद्धा आशियातल्या रानकोंबड्याची वंशज. बाहियाचा माणूस ज्याला आपल्या आजीचा पदार्थ म्हणतो, त्याचा निम्मा शिधा आपल्या बाजूनं गेलेला आहे.

पण शिधा म्हणजे पदार्थ नव्हे. हा शिजवला तो गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या माणसांनी. त्यांतले पुष्कळ योरुबा भाषा बोलणारे होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ साली. साल्वादोरच्या रस्त्यांवर टोपल्या घेऊन शिजवलेलं अन्न विकणाऱ्या काळ्या बायकांनी ही चव टिकवली, आणि कांदोंब्ले या त्यांच्या धर्मानं तिला पावित्र्य दिलं. शिंशिं हा गोड्या पाण्याची देवता ओशुं हिचा नैवेद्य मानला जातो. पदार्थ करून पाहताना एवढं मनात असावं, कारण त्यामुळे वाट्टेल तसे बदल करायला आपला हात धजत नाही.

आता खरेदी. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते सुक्या कोलंबीकडे.

अंधेरी पूर्वेला मरोळचा सुक्या मासळीचा बाजार उपनगरातला जुना आणि नामांकित बाजार आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनं मरोळ नाक्याला उतरलं की तो फार दूर नाही. बोरिवलीकरांना गोराईची खाडी होडीनं ओलांडली की कोळीणींकडून थेट घेता येतं. मढ, मनोरी, वर्सोवा इथंही वलांडीवर बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा उन्हाळ्यात दिसतोच. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात होते. नवा, कडकडीत वाळलेला माल हवा तर तेव्हाच घ्यावा.

बाजारात तीन प्रकार समोर येतील. जवळा अगदी बारीक, त्यात रेती जास्त, आणि रश्शात तो विरघळून सगळ्याला एकच करडा रंग देतो. तो इथं नको. करंदी म्हणजे सालासकट वाळवलेली लहान कोलंबी. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली मोठी कोलंबी, महाग पण स्वच्छ. बाहियात वापरतात ती सालासकटची, बहुधा धुरावलेली असते, म्हणून चवीला करंदी जास्त जवळची. माझा सल्ला असा की दळायला करंदी घ्यावी आणि अख्खे दिसायला थोडे सोडे. हातात घेऊन मोडून पाहा. कट् आवाज झाला पाहिजे, वाकता कामा नये. रंग फिकट गुलाबी-केशरी असावा. भडक लाल दिसली तर सोडून द्या. नाकाला समुद्राचा वास यावा, डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा नाही. आणि कोळीणीला सरळ विचारावं, “मावशी, मिठातली का बिनमिठाची?” कारण त्यावर पुढचं सगळं मीठ ठरतं.

या दळलेल्या कोलंबीचं काम काय? ती मासळी म्हणून खाण्यासाठी नसून मसाला म्हणून आहे. वाळताना पाणी जातं आणि ग्लुटामेटसारखे चव गडद करणारे घटक एकवटतात. कोंबडीच्या मांसात त्याच जातीचे दुसरे घटक असतात. दोन्ही एकत्र आले की जिभेला जाणवणारी चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी होते. खाताना “यात कोलंबी आहे” असं लगेच कळू नये, पण ती काढून टाकली तर रस्सा पोकळ वाटावा, इतकंच तिचं प्रमाण.

दुसरी अडचण तेलाची, आणि ती खरी अडचण आहे. बाहियात ‘देंदे’ वापरतात. ते आफ्रिकन ताडाच्या फळाच्या गरातून काढलेलं, न शुद्ध केलेलं तेल. गाजराला केशरी करणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं त्यात भरपूर असतात, म्हणून त्याचा रंग तसा. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारं पामतेल त्याच फळाचं असतं, पण कारखान्यात त्याचा रंग उडवलेला आणि वास काढून टाकलेला असतो. ते घालून काहीही साधत नाही. कुणी परदेशातून लाल पामतेलाची बाटली आणून दिली तर उत्तम. ती थंडीत अर्धी थिजते. वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात ठेवून हलवून घ्यावी.

नसेल तर रंगाची सोय करता येते, वासाची नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. रंगासाठी दोन वाटा आहेत. पहिली शेंद्रीची. काटेरी लाल बोंडांचं हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचंच, आणि आपल्याकडेही बागांमध्ये लावतात. तिच्या बियांवरचा केशरी थर म्हणजेच अनाटो. अमूल बटरच्या वेष्टनावर हेच नाव रंग म्हणून छापलेलं असतं. चमचाभर बिया मंद गरम तेलात घालाव्यात, तेल केशरी झालं की लगेच गाळावं. जास्त तापलं तर बिया काळ्या पडतात आणि तेल कडू होतं. दुसरी वाट घरोघरी जमणारी. तीन मोठे चमचे खोबरेल तेल (खाण्याचं, घाण्याचं असेल तर फारच छान) गरम करून आच बंद करावी, मिनिटभर थांबून त्यात दोन चहाचे चमचे बेडगी मिरचीची पूड घालावी, दहा मिनिटांनी पातळ फडक्यातून गाळावं. बेडगीत तिखटपणा कमी आणि रंग भरपूर. तिची रंगद्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून पूड थेट रश्शात टाकण्यापेक्षा आधी तेलात उतरवली की रंग स्वच्छ येतो. देंदेच्या वासाला पर्याय नाही, पण खोबरेलाचा जाडसर सुवास ती पोकळी बऱ्यापैकी भरून काढतो. तूप किंवा मोहरीचं तेल मात्र वापरू नये. दोन्ही आपलीच चव पुढे करतात.

बाकीची खरेदी सोपी. चारपाच जणांसाठी एक किलो कोंबडी, साल काढलेली, हाडांसकट. खाटकाला “करी कट, पण पीस मोठे” असं सांगावं. बारीक तुकड्यांचं मांस या रश्शात हाडापासून सुटून विस्कटतं. गावठी मिळाली तर पदार्थाच्या मूळ रूपाच्या जास्त जवळ जाता येतं, कारण बाहियात हा जुन्या, मुरलेल्या कोंबडीचाच होता. पण तिला वेळ दुप्पट लागतो. एक मोठा नारळ, दोन मध्यम कांदे, पसाभर कोथिंबीर, बोटभर आलं, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन लिंबं, दोन-तीन लवंगी मिरच्या, ५० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम काजू आणि ६० ग्रॅम सुकी कोलंबी. काजू तुकडा असला तरी चालतो. दळायचाच आहे.

कोंबडी धुऊन, पाणी पूर्ण निथळून, तिला दीड चहाचा चमचा मीठ, ठेचलेला लसूण आणि एका लिंबाचा रस चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. (कोलंबी मिठातली असेल तर मीठ एकच चमचा.) मीठ हळूहळू आत शिरतं आणि मांसातली प्रथिनं अशी सैल करतं की शिजतानाही पाणी धरून राहतात. लिंबाचं काम वेगळं, ते वरच्या थरापुरतं. रात्रभर लिंबात ठेवली तर बाहेरचं मांस पिठूळ होतं. आणखी एक गोष्ट पुढे नारळाच्या दुधाशी येते: जास्त आंबट असेल तर ते फाटतं. म्हणून तासाभरानंतर उरलेलं पाणी टाकून द्यावं.

तोवर कोरडं वाटण. करंदीची डोकी आणि शेपट्या मोडून, चाळणीत हलवून रेती काढावी. मंद आचेवर, झाकण अर्धं ठेवून, पाच-सहा मिनिटं भाजावी. खिडकी उघडी असावी. उपनगरातल्या इमारतीत भिंतीला भिंत लागून घरं असतात, आणि सुकी मासळी न खाणारे शेजारी प्रत्येक मजल्यावर असतात. भाजणं मंद आचेवर आणि झाकून केलं तर वासही कमी पसरतो आणि कोलंबीही करपत नाही. करपलेली कोलंबी कडू होते आणि तो कडूपणा पुढे कशानंही जात नाही. शेंगदाणे वेगळे भाजून सालं काढावीत. घरात दाण्याचं ताजं कूट असेल तर तेही घ्यावं, पण जुनं असेल तर आधी चाखून पाहावं, कारण खवट दाणा सगळा टोप वाया घालवतो. काजू नुसता कोमट होईतो परतावा.

मिक्सरमध्ये आधी कोलंबी एकटी दळावी, कारण तिला जास्त वेळ लागतो. मग दाणे आणि काजू घालून थांबत थांबत फिरवावं. सलग फिरवलं तर दाण्यांतून तेल सुटतं आणि लगदा होतो. आपल्याला रव्याएवढा जाड भरडा हवा. रस्सा दाट होतो तो या भरड्यामुळे: दाणे आणि काजूतली प्रथिनं आणि पिष्ट पाणी धरतात, त्यांचं तेल रश्शाला गोलाई देतं. भरडा जाडसर ठेवला तर जिभेला दाणा जाणवतो, आणि बाहियाच्या घरगुती शिंशिंची ओळखच तो दाणा आहे. अगदी गुळगुळीत वाटलं तर चव हॉटेलच्या काजू ग्रेव्हीकडे झुकते. ते टाळावं. सोडे वेगळे, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेवावेत.

नारळ खवून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढावा आणि फडक्यातून घट्ट पिळावा. हे जाड दूध वेगळं ठेवावं. त्याच चवात दीड-दोन वाट्या कोमट पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढावं. बाहियातल्या काही घरांत शिंशिंमध्ये नारळाचं दूध घालतच नाहीत, पण पुष्कळ घरांत घालतात. आपल्या नारळाला इतका लांबचा सोयरा भेटत असताना मी तरी तो वगळणार नाही. डब्यातलं दूध चालतं. त्यात स्थिर राहण्यासाठी घटक घातलेले असल्यानं ते सहसा फाटत नाही, पण ताज्याची गोडी त्यात नाही.

आता चूल. रुंद, जाड बुडाची कढई किंवा टोप घ्यावा. दोन मोठे चमचे तेल तापवून कोंबडीचे तुकडे दोन हप्त्यांत, प्रत्येक बाजूनं चार-पाच मिनिटं, तांबूस होईपर्यंत परतून काढावेत. एकदम सगळे टाकले तर सुटलेल्या पाण्यात ते उकडतात, तांबूस होत नाहीत. तांबूस होण्यातच भाजल्याची चव तयार होते, आणि बुडाला लागलेला तपकिरी थर पुढे रश्शात उतरतो. तो खरवडून टाकू नये.

त्याच तेलात बारीक चिरलेला कांदा घालावा. आपल्या हाताला सवय आहे ती तो खमंग तपकिरी करण्याची. इथं ती आवरावी. कांदा मऊ आणि काचेसारखा झाला की पुरे. त्यात किसलेलं आलं, उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि निथळलेले सोडे घालून दोन मिनिटं. मग कोलंबी-दाण्याचा भरडा, आच अगदी मंद. हा बुडाला लागतोच, म्हणून चमचा थांबवू नये आणि मधूनमधून पातळ दुधाचा हबका मारावा. दोन-तीन मिनिटांत असा वास सुटतो की घरातली माणसं विचारायला येतात. त्यानंतर कोंबडी, उरलेलं पातळ दूध, झाकण. ब्रॉयलर कोंबडी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. मांडीचा जाड तुकडा हाडाजवळ टोचून पाहावा, गुलाबी पाणी येता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस. गावठीला तासभर लागेल. कुकर लावायचा असेल तर ती नुसत्या पातळ दुधात आणि कांद्यात आधी शिजवून घ्यावी, भरडा नंतर. भरड्यासकट कुकर लावला तर तळाला हमखास करपतो.

कोंबडी शिजली की जाड दूध, तीन मोठे चमचे लाल तेल आणि निम्मी कोथिंबीर. आता उकळी येऊ द्यायची नाही. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. नारळातलीच प्रथिनं त्यांना वेगवेगळं ठेवतात. साधारण ८० अंशांच्या पुढे ही प्रथिनं गोळा होतात, थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल वर तरंगतं. म्हणूनच आपल्या आज्या सोलकढीला चुलीपासून लांब ठेवत आणि कालवणात जाड रस शेवटी घालत. दाणे आणि काजू इथं थोडा आधार देतात, तरी सात-आठ मिनिटं बारीक बुडबुड्यांवरच ठेवावं. लाल तेल शेवटी घालण्याचं कारणही उष्णताच, कारण त्याचा वास आणि रंग जास्त उष्णतेत मरतात. रस्सा कोंबडीला लपेटून राहील इतका, म्हणजे अंगाबरोबर रस हवा. पातळ वाटला तर झाकण काढून ठेवा, दाट वाटला तर गरम पाणी घाला. मीठ आत्ता चाखून ठरवावं, त्याआधी नाही. आच बंद करून लिंबाचे काही थेंब आणि उरलेली कोथिंबीर.

यात गरम मसाला नाही, हळद नाही, धणे-जिरे नाहीत. इथं हात थांबवणं अवघड जातं, विशेषतः ज्या घरात मालवणी किंवा ईस्ट इंडियन बॉटल मसाल्याची बरणी हाताशी असते तिथं. पण घालू नका. पदार्थाची सगळी रचना कोलंबीच्या खारेपणावर, दाण्याच्या गोडव्यावर आणि तेलाच्या वासावर उभी आहे. लवंग-दालचिनी आली की ती मागे पडते आणि हाती येतं ते आपलंच नेहमीचं चिकन.

पाहुणे येणार असतील तर त्यांना आधी विचारणं आवश्यक आहे. कोलंबी, शेंगदाणा आणि काजू, म्हणजे गंभीर ॲलर्जी होऊ शकणाऱ्या तीन गोष्टी या एका टोपात आहेत, आणि थोडे सोडे सोडले तर सगळं दळलेलं असल्यानं ताटात दिसत नाही.

सोबत पांढरा भात, बासमतीपेक्षा कोलम किंवा उकडा, कारण त्यांचा स्वतःचा वास आड येत नाही. बाहियात भातावर ‘फारोफा’ भुरभुरतात, म्हणजे कसाव्याच्या कंदाचं जाड, तेलात परतलेलं पीठ. तो कंदही ब्राझीलचा, आणि आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या पिष्टाचा. पण साबुदाणा इथं चालत नाही, तो ओला झाला की चिकट होतो आणि फारोफाचं काम रस शोषून कुरकुरीत राहण्याचं. जाडे पोहे कोरडे भाजून, हातानं चुरून, चमचाभर लाल तेलात मीठ घालून परतले तर काम छान होतं. मूळ कंदच चाखायचा असेल तर उपनगरातल्या मल्याळी दुकानांत तो कप्पा म्हणून मिळतो. सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता मऊ होईतो उकडावा आणि ते पाणी टाकून द्यावं. मग तुकडे रश्शाशी खावेत. कच्चा मात्र खाऊ नये.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. मुंबईच्या दमटपणात नारळाचं दूध लवकर आंबतं. रात्रीत दाणे पाणी शोषतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाव वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर गरम करावं. चव तेव्हा जास्त मुरलेली लागते.

कोलंबी-दाण्याचा भरडा जरा जास्तच करून ठेवावा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. भिजवलेला पाव, नारळाचं दूध, लाल तेल आणि हा भरडा एकत्र आटवला की बाहियाचा ‘वातापा’ होतो. तो तिथं भरतात आकाराजेमध्ये, म्हणजे सालं काढलेल्या चवळीच्या वाटलेल्या पिठाच्या, देंदेत तळलेल्या वड्यात. साल्वादोरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पांढऱ्या पोशाखातल्या बायका ते विकतात. त्यांच्या या कामाला ब्राझीलच्या वारसा संस्थेनं २००५ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. कोंबडी जमली की पुढच्या रविवारसाठी चवळी शनिवारी रात्रीच भिजत घाला. सकाळी ती चोळून सालं पाण्यावर तरंगवून काढा, कांदा आणि मीठ घालून पाणी न घालता वाटा, आणि फेसून हलकी झाली की तळायला घ्या.